शंभरपैकी शंभर

लता मुरुडकरला प्रश्न न वाचता उत्तर देता यायचं. यात दैवी काही नव्हतं. लातुरात चौदा वर्षं तिनं क्लासवाल्यांचे पेपर टाइप केले होते. ज्या गावात पोरं झोपेतसुद्धा चार पर्यायांतला एक निवडतात, तिथं चौदा वर्षं तेच टाइप करणाऱ्या बाईच्या बोटांना जे कळतं ते भल्याभल्या सरांना कळत नाही. चारांपैकी सगळ्यात लांबलचक पर्याय बहुधा बरोबर. 'नेहमी' किंवा 'कधीच नाही' असं छातीठोक सांगणारा चूक. 'वरील सर्व' दिसलं की मागचंपुढचं बघायचं नाही. "बाई, तुम्ही परीक्षेला बसला असता तर डॉक्टर झाला असता," असं एक सर तिला नेहमी म्हणायचे. लता हसायची आणि पुढचं पान टाइप करायला घ्यायची.

चाळिशी उलटल्यावर क्लासवाल्यांकडचं काम सुटलं आणि ती एमआयडीसीतल्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात लागली. मालक नांदेडचे, मुख्य ऑफिस नांदेडला, कारखाना लातुरात. लताच्या टेबलावर पाटी आली, 'प्रशिक्षण सहायक'. नवरा श्रीनाथ शाळेत मराठी शिकवायचा. त्यानं 'सहायक' शब्द बरोबर लिहिलाय म्हणून कंपनीचं कौतुक केलं. पुढं त्या कंपनीत बरोबर लिहिलेलं एवढंच काय ते सापडलं.

कामगारांचं सुरक्षा-प्रशिक्षण कॉम्प्युटरवर होतं. पुण्याच्या कुठल्या तरी लोकांनी ते इंग्रजीतून मराठीत उतरवलं होतं. बहात्तर पानं. एका पानावर मुंग्यांसारखी अक्षरं, आणि खाली एक निळं बटण, 'पुढे'. 'बंदिस्त अवकाशात प्रवेश करण्यापूर्वी सक्षम व्यक्तीकडून वायूंचे परिमाण सुनिश्चित करून घेणे अनिवार्य आहे.' श्रीनाथनं हे वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाला, हे मला शिकवायला लावलं तर मी राजीनामा देईन. बहात्तर पानं उलटली की वीस प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. पास झाला की कामगाराच्या नावाचं रंगीत सर्टिफिकेट.

कारखान्यात कामगार एकशे त्रेचाळीस. त्यांतले निम्मे सहीपुरते शिकलेले. बाकीच्यांना वाचता यायचं, पण बारा तास पोती, गाळणी आणि बॉयलरशी झटापट केल्यावर 'सुनिश्चित' वाचायची ताकद कुणात उरते? मग रीत पडली. दर जानेवारीत कामगार लताच्या टेबलापुढं रांग लावायचे. मोबाइलवर ओटीपी आला की तो वाचून दाखवायचा, "आमचं तेवढं पास करून टाका मॅडम," म्हणायचं आणि पाळीवर जायचं. लता बहात्तर वेळा 'पुढे' दाबायची आणि वीस उत्तरं टिचक्या मारल्यासारखी देऊन टाकायची. एका माणसाला सात मिनिटं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट मॅडम लई चांगल्या, असं जेवणाच्या शेडमध्ये सगळे म्हणत. वरचा अधिकारी अनिमेष पुण्याहून आलेला, तिशीतला, सरळ मुलगा. त्यालाही ठाऊक होतं. नांदेडला आकडा वेळेवर गेला म्हणजे त्याचं काम झालं. सगळ्यांनीच डोळ्यांवर कातडं ओढलं होतं आणि त्याखाली सगळ्यांना गाढ झोप लागत होती.

सगळ्यांना सारखेच गुण दिले तर संशय यायचा, म्हणून लता मुद्दाम काहींची दोन-तीन उत्तरं चुकवायची. कुणाला पंचाऐंशी, कुणाला नव्वद. पूर्ण शंभर फक्त एकालाच मिळाले, ईश्वरप्पाला. तो देगलूरकडचा. सांडपाण्याच्या हौदाचं काम बघायचा. बायको आणि दोन लेकरं गावी भावाजवळ ठेवून लातुरात खोली करून राहायचा. गेल्या वर्षीच्या जानेवारीत तो गावाकडून येताना रुमालात बांधून हुरडा घेऊन आला होता. लतानं तो टेबलावरच खाल्ला, आणि त्याच्या नावापुढं हात आखडता घेववेना म्हणून वीसच्या वीस उत्तरं बरोबर दिली.

त्या वीस प्रश्नांतला तेरावा असा होता: 'गंधसंवेदना नष्ट होणे हे कशाचे निदर्शक आहे?' तिसरा पर्याय सगळ्यात लांब होता, 'हायड्रोजन सल्फाइड वायूची सांद्रता धोकादायक पातळीपर्यंत वाढल्याचे'. लतानं तो एकशे त्रेचाळीस वेळा बरोबर निवडला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं जे झालं ते या तेराव्या प्रश्नात झालं.

मे महिन्यात कारखाना बंद ठेवून साफसफाई चालते. सांडपाण्याचा हौद उपसून तळाचा गाळ काढायचा असतो. त्या गाळाला कुजक्या अंड्यासारखा वास मारतो, पार गेटपर्यंत. गेल्या वर्षी सत्तावीस मेच्या सकाळी अकराच्या सुमाराला ईश्वरप्पा लताच्या टेबलापाशी आला. हौदात उतरताना मोबाइल पडू नये म्हणून तो तिच्याकडं ठेवायचा. टेबलावर एक ट्रे होता, त्यात त्यानं मोबाइल ठेवला.

"मॅडम, आज हौदाला वास न्हाई बगा," तो म्हणाला. "सकाळी झाकण काडलं तवा लई मारायलता. आता पार बंद झालाय."

लता महिनाअखेरचा तक्ता भरत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं की. आटपून घ्या मग जेवायच्या आत."

तो बरं म्हणून गेला. पंधरा मिनिटांनी ओरडा झाला. ईश्वरप्पा शिडीच्या चौथ्या पायरीवरून दगडासारखा खाली गेला होता. त्याला काढायला बजरंग नावाचा जोडीदार आत पाय घालत होता, तेवढ्यात झाडूवाल्या नागम्मानं मागून त्याच्या सदऱ्याला धरून त्याला फरशीवर पाडलं, म्हणून एकच मेला. अग्निशमनवाले आले, त्यांनी तोंडाला नळ्या लावून ईश्वरप्पाला वर काढलं, तोवर दोन वाजले होते. या सगळ्या वेळात लताच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये त्याचा मोबाइल वाजत होता. पडद्यावर नाव होतं गौरम्मा. रोज जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. लतानं तो उचलला नाही. उचलून काय सांगायचं, हे तिला सुचेना.

संध्याकाळी अग्निशमनच्या एका पोक्त अधिकाऱ्यानं ऑफिसातल्या लोकांना समजावून सांगितलं. हा वायू थोडा असतो तेव्हा नाकाला झोंबतो. खूप झाला की नाकच मरतं. वास गेला म्हणजे वायू गेला नाही, तो इतका वाढला की नाकाला कळेनासा झाला. लता भिंतीला टेकून उभी होती. हे वाक्य आपण कुठं तरी वाचलंय असं तिला वाटलं, आणि मग कुठं वाचलंय ते आठवलं. तेरावा प्रश्न, तिसरा पर्याय.

चौकशी झाली. कायद्यानं घरच्यांना जे द्यायचं ते कंपनीनं दिलं, त्यात खळखळ केली नाही. पण चूक कुणाची, हा रकाना भरायचाच होता. अनिमेषनं लताला ईश्वरप्पाचं सर्टिफिकेट छापून आणायला सांगितलं. तिनं ते रंगीत छापलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि त्याच्या हातात दिलं. अहवालात लिहून आलं, 'मृत कामगार पूर्णपणे प्रशिक्षित होता. सदर धोक्याबाबत त्याला शंभर टक्के ज्ञान असल्याचे सिद्ध होते. तरीही त्याने निष्काळजीपणे प्रवेश केला.' लतानं काही म्हटलं नाही. अनिमेषनंही तिच्याकडं बघायचं टाळलं. घरी श्रीनाथला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आता बोलून माणूस परत येणार आहे का? हात दाखवून अवलक्षण कशाला." तिला हेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकल्यावर नवऱ्याचा भयंकर रागही आला.

बैल गेला आणि झोपा केला, तसं दिवाळीनंतर नांदेडहून फर्मान आलं, प्रशिक्षण रंजक करा. कामगारांचं लक्ष लागलं पाहिजे. अनिमेषनं बाहेरून एक नवं प्रशिक्षण करून घेतलं. त्यात हेल्मेट घातलेला हिरवा राघू होता. राघू नाचायचा, शिट्टी मारायचा आणि मग तोंड उघडून म्हणायचा, 'सांद्रता वाढल्यास घ्राणेंद्रिय बधिर होते.' 'पुढे' बटणाचा फुगा झाला होता. फुगा फोडला की टाळ्या वाजायच्या. पानं तीच बहात्तर.

जेवणाच्या शेडमध्ये पडदा लावून ते दाखवलं. माणसं राघूला हसली. अनिमेष खूश झाला आणि त्यानं बजरंगला विचारलं, कसं वाटलं?

"पोपट चांगला हाय, साहेब," बजरंग म्हणाला. "बोलायलाय काय ते कळंना."

लता मागं उभी होती. ती पुढं आली आणि तिनं सरळ विचारलं, "हौदाचा वास मारत होता आणि अचानक बंद झाला. तर काय समजायचं?"

पहिल्या बाकावरच्या अकरा जणांना तिनं एकेक करून विचारलं. सहा जण म्हणाले, गॅस गेली. चौघांनी खांदे उडवले. नागम्मा म्हणाली, "त्या दिवशीबी वास न्हवता." ईश्वरप्पाला जाऊन सहा महिने झाले होते. तो कशानं गेला हे त्याच्या शेजारी जेवणाऱ्यांना नीट ठाऊक नव्हतं, कारण त्या संध्याकाळचं समजावणं फक्त ऑफिसातल्या लोकांसाठी होतं.

त्या दिवशी लता पहिल्यांदा अनिमेषवर आवाज चढवून बोलली. पालथ्या घड्यावर पाणी ओतायलाय तुम्ही, आता फक्त ते गुलाबी रंगाचं आहे. मला चार महिने द्या, मी करते. अनिमेष म्हणाला, करा बाई. तोही थकला होता.

तिनं बहात्तर पानं फाडली नाहीत, त्यातली उपयोगाची सात वाक्यं काढली. सात म्हणजे सातच. बाकीची पासष्ट पानं कंपनीला कोर्टात कामाला येतील अशी होती, माणसाला नाही. मग ती पाळी संपल्यावर शेडमध्ये जाऊन बसायला लागली. एकेक वाक्य सांगायचं आणि विचारायचं, हे तुम्ही घरी बायकोला कसं सांगाल? माणसं आधी लाजली. मग भांडायला लागली, असं नव्हे तसं म्हणावं. शेवटी जे ठरायचं ते लता त्यांच्याच तोंडून मोबाइलवर भरून घ्यायची. दोन-दोन मिनिटांचे सात तुकडे. चित्रं बाहेरची एकही नाही. आपलाच हौद, आपलीच शिडी, आपलंच गंजलेलं झाकण. हौदाच्या तुकड्यात बजरंग झाकणाशेजारी उभा राहून सांगतो, "वास मारायलाय तवर गॅस थोडी हाय. वास बंद झाला की समजा लई झाली. नाक मेलंय, गॅस न्हाई." हे वाक्य बसवायला त्यांना तीन संध्याकाळी लागल्या.

परीक्षेतून तिनं चार पर्याय काढून टाकले. तिची आयुष्यभराची विद्याच ती. आता कामगारानं हौदापाशी जाऊन दाखवायचं, दोर कुठं आहे, मीटर कुठं आहे, तो आधी कसा सोडायचा. पहिल्याच दिवशी बजरंगनं विचारलं, मीटर कुठाय? शोधाशोध झाली. वायू मोजायचा मीटर अनिमेषच्या कपाटात सापडला. खोकं न फोडलेलं, वर प्लास्टिक तसंच, बॅटरी मेलेली. तीन वर्षांपूर्वी आला होता. एकशे त्रेचाळीस जणांना मीटर वापरायचं प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद होती. अनिमेष त्या खोक्याकडं बघत खाली बसला.

सगळं झालं, तरी लताला वाटायचं, शेवटी ईश्वरप्पाच्या घरचं कुणी दोन शब्द बोललं तर माणसांच्या मनात राहील. मार्च संपताना ती उदगीरवरून देगलूरला गेली आणि तिथून टमटमनं गावात. घरात गौरम्मा आणि तिचा दीर होता, ग्यानोबा. तो शाळेत शिपाई होता. गौरम्मानं पाणी दिलं, चहा ठेवला. लतानं खोलीत नजर फिरवली. देवळीशेजारी सासऱ्याचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. ईश्वरप्पाचा फोटो टीव्हीच्या मागं, भिंतीकडं तोंड करून उभा ठेवलेला होता. त्याला हार नव्हता.

लतानं आपलं काम सांगितलं. गौरम्मानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी काय बोलू अक्का. त्यांनी सगळं जाणून केलं."

"म्हणजे?"

"कंपनीचा कागद आला की. भाऊजीनं वाचला. शंबरातले शंबर मिळाले म्हणून लिवलंय. एकशे त्रेचाळीस मानसांत कुनालाच न्हाईत एवडे. म्हनजी सगळ्यात जास्ती त्यांनाच म्हाईत व्हतं." ती चुलीकडं बघत बोलत होती. "मग उतरले कायला? घरात काय कमी व्हतं? माजं काय चुकलं व्हतं? भावकी म्हंती बाई असंल दुसरी लातुरात. कुनी म्हंती जीवच द्यायचा व्हता. आदल्या रात्री फोनवर हसत बोलले माज्याशी. मी वर्सभर त्येच आटवू लाले, काय बोलले, काय बोलले."

लताला वाटलं आपण उठावं आणि चालू पडावं. बाहेर टमटमवाला थांबला होता. पण तोंडातून निघून गेलं, "त्यांनी पेपर सोडवलाच नाही. मी सोडवला. सगळ्यांचे मीच सोडवते. त्यांना काहीही माहीत नव्हतं, गौरम्मा."

ग्यानोबा दारातून आत आला. गौरम्मानं पहिल्यांदा लताच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"शंबर मार्क तुमचे?"

"माझे."

"मग तुमाला म्हाईत व्हतं?"

"नाही," लता म्हणाली. "मला फक्त टिक कुठं करायची ते ठाऊक होतं."

हे खरं होतं, आणि पुरतं खरं नव्हतंही. टेबलापाशी तो काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो, ते तिनं गिळलं. चहा उतू गेला, तो कुणी बघितला नाही. गौरम्मा म्हणाली, "माजा आवाज नगं. तुमी हे लिवून द्या. तोंडी कुनी ऐकनार न्हाई भावकीत. कागदाला कागद पायजे."

"पाठवते," लता म्हणाली. "पोचले की पाठवते."

एप्रिल गेला. तिनं पाठवलं नाही. रोज संध्याकाळी कोरा कागद समोर घ्यायची आणि रोज काही तरी काम निघायचं. लिहून दिलं की चौकशी खोटी ठरते, नोकरी जाते, कदाचित पोलीसही येतात. आणि आत्ताच जाऊन कसं चालेल, सात तुकडे अजून सगळ्यांना दाखवून व्हायचेत, ते तरी पुरं होऊ दे. पळवाट शोधणाऱ्याला पुण्याचं काम हाताशी असावं लागतं, ते तिच्यापाशी होतं. ग्यानोबाचा एकदा फोन आला, तो तिनं उचलला नाही. ट्रेमधल्या त्या मोबाइलनंतर न उचललेला हा दुसरा फोन होता.

मे उजाडला. साफसफाई सुरू झाली. हौदाचं झाकण सकाळी उघडलं आणि वास गेटपर्यंत आला. लता टेबलाशी बसून होती, सकाळपासून तिच्या हातून एक ओळ लिहून झाली नव्हती. साडेदहाला बजरंग दारात आला. धावत आल्यामुळं त्याला दम लागला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "हौदाला वास यायना झालाय. मी सगळ्यांला लांब काडलंय. मीटर घिऊन चला."

ती नवी बॅटरी घातलेला मीटर घेऊन गेली. बजरंगनं तो दोरीला बांधून हौदात सोडला. दोन हातही दोर गेला नसेल, मीटर कर्कश ओरडायला लागला आणि ओरडतच राहिला. सगळे चिंचेच्या झाडाखाली उभे होते. नागम्मानं कानांवर हात ठेवले. मग पंखे लावून हौद दोन दिवस मोकळा ठेवला आणि तिसऱ्या दिवशी माणसं उतरली आणि वर आली. नांदेडहून उशीर का झाला अशी विचारणा झाली, तेवढंच.

सगळ्यांनी लताचं कौतुक केलं. अनिमेषनं तर नांदेडला मेल पाठवला. पण लता त्या दिवशी चिंचेखाली उभी राहून एवढंच बघत होती की ही गोष्ट किती सोपी होती. चौथी नापास बजरंगला ती कळली. कळायला दोन मिनिटं लागली. एका माणसाला पास करायला ती सात मिनिटं घ्यायची. त्यातली दोन मिनिटं ईश्वरप्पाला दिली असती तर त्या दिवशी त्यानं येऊन हेच सांगितलं असतं, पण भ्यायलेल्या आवाजात. आणि त्यानं तर सांगितलंच होतं. शब्दन् शब्द सांगितलं होतं.

मीटर ओरडला त्याच दुपारी तिनं पोर्टल उघडून ईश्वरप्पाचं सर्टिफिकेट छापलं. शंभर गुणांवर पेनानं आडवी रेघ मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. श्रीनाथनं आयुष्यभर पोरांना शिकवलं तसं, छोट्या वाक्यांत. हा पेपर मी सोडवला. ईश्वरप्पांनी तो पाहिलाही नव्हता. वास गेला म्हणजे धोका वाढला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हौदात उतरण्यापूर्वी ते माझ्याकडे आले आणि वास बंद झाल्याचं त्यांनी मला सांगितलं. मी त्यांना म्हणाले, बरं झालं, आटपून घ्या. ते जाणून उतरले नाहीत. मी सांगितलं म्हणून उतरले. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख.

एक प्रत तिनं अनिमेषच्या टेबलावर ठेवली. त्यानं उभ्यानं वाचली आणि दार लावून घेतलं.

"बाई, ती फाईल बंद झालीये. हे कशाला?"

"त्यांच्या घरी उघडी आहे," लता म्हणाली.

"तुम्हाला ठेवता येणार नाही. मलाही विचारतील."

"विचारू द्या की. तुम्हालाही ठाऊक होतं."

त्यानं कागद खणात टाकला. दुसरी प्रत तिनं नांदेडला पाठवली आणि मूळ कागद रजिस्टर पोस्टानं देगलूरला. चार दिवसांनी तिला घरी बसायला सांगितलं. तिचे सात तुकडे कंपनीनं ठेवून घेतले. प्रत्येकाच्या शेवटी राघूला नाचायला लावून ते आता नांदेडच्या दुसऱ्या कारखान्यातही दाखवतात, असं बजरंगनं कळवलं. चौकशीचा अहवाल मात्र बदलला नाही. पोलीस आले नाहीत. नांदेडच्या प्रतीला उत्तरही आलं नाही. पोर्टलवर ईश्वरप्पाचे शंभर गुण अजून तसेच आहेत, दिलेलं सर्टिफिकेट मागं घ्यायची सोय त्यात कुणी केलेली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्यानोबाचा फोन आला. या वेळी लतानं तो पहिल्या घंटीला उचलला.

"कागद मिळाला मॅडम," तो म्हणाला. "वाचला."

"गौरम्मांना?"

"वैनीला वाचून दावला. दोनदा वाचायला लावला. मग भावकीतल्या चार मानसांला बलवून त्येंच्यापुडं परत वाचायला लावला."

"काही म्हणाल्या?"

"तुमाला कायबी म्हन्ल्या न्हाईत." तो थोडा थांबला. "काल मला देगलूरहून हार आनायला लावला. दादाचा फोटो पुसून देवळीपाशी लावलाय. हार वैनीनंच घातला. वर्सात पैल्यांदा रडली बगा."

श्रीनाथ शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसला होता, त्यानं ते खाली ठेवलं.

"आन मॅडम, एक इचारायला लावलंय तिनं," ग्यानोबा म्हणाला. मागं गौरम्मा काही तरी बोलत असल्याचं ऐकू आलं, मग तो म्हणाला, "दादा तुमच्याकडं आला, वास न्हाई म्हन्ला, तवा तुमी त्याच्या तोंडाकडं बगितलं व्हतं का? कसा दिसायलता, तेवडं सांगा म्हन्ती. शेवटचं तुमीच बोललाव त्याच्याशी."

लतानं डोळे मिटले. तिला टेबल आठवलं, तक्ता आठवला, ट्रेमध्ये मोबाइल ठेवणारा हात आठवला. हाताच्या वर काहीच आठवेना.

"नाही," ती म्हणाली. "मी मान वर केली नव्हती."

ग्यानोबानं ते तिकडं सांगितलेलं तिला ऐकू आलं. मग फोन बंद झाला.